यंत्रविद्या ही सर्वांची विद्या
(महोत्सवानिमित्त खुलताबाद येथें भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आपणांपुढें दोन शब्द बोलावे अशी आज्ञा मला झाली, व विषय निवडण्याची मोकळीकहि चालकांनीं दिली, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहें. अशा दिवशीं वक्त्यानें गतकाळाचा गौरव करावा अशी रीत आहे. परंतु आपल्यापैकीं किती घरांतलीं मुलेंमुली आज कॉलेजांत जात आहेत हें पाहून मला असें वाटलें कीं, त्यांच्या शिक्षणांतील एका उणिवेविषयीं बोलणें अधिक उपयोगाचें होईल.

ती उणीव अशी. ज्या यंत्रांच्या व योजनांच्या बळावर आपला सगळा संसार चालतो, त्यांविषयीं आमच्या कॉलेजांत जें कांहीं शिकवितात तें केवळ इंजिनियर होणाराला शिकवितात. आणि त्या इंजिनियरला माणसांविषयीं फारच थोडें शिकवितात. बी. ए. चा विद्यार्थी राज्यघटना वाचतो, काव्य वाचतो, इतिहास वाचतो. पण घरच्या नळाला पाणी कोठून येतें, तें चढावर कोण चढवितें, त्याचा पैसा कोण भरतो, आणि तें न आल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हें त्याला कोणी सांगत नाहीं. इकडे इंजिनियरिंगचा विद्यार्थी पंपाची शक्ति किती लागेल तें अचूक काढतो. परंतु तो पंप बसल्यावर शेजारच्या कोणाची विहीर आटेल, हा प्रश्न त्याच्या प्रश्नपत्रिकेंत सहसा येत नाहीं. एक अर्धा शहाणा इकडे आणि दुसरा अर्धा शहाणा तिकडे, असा हा प्रकार आहे.

विषय मोठ्या शहरांतल्या पंडितांचा आहे, खुलताबादेला त्याचें काय, असें कोणास वाटेल. पण त्याचा पहिला धडा ह्याच गांवाच्या शिवारांत मातीखालीं निजलेला आहे. ह्या गांवाला पूर्वीं रौजा म्हणत. येथें बादशहा औरंगजेब, पहिला निजाम आसफजाह ह्यांच्या कबरी आहेत, आणि दूरदूरचे लोक त्या पाहावयास येतात. मलिक अंबरची कबरहि येथेंच आहे. तिकडे मात्र फारसा कोणी वळत नाहीं. हबसाण देशांत जन्मलेला हा पुरुष गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेंत आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. १६१० सालीं त्यानें खडकी हें शहर वसविलें. पुढें त्याचेंच औरंगाबाद झालें, व आतां छत्रपति संभाजीनगर. १६२६ सालीं तो वारला.

शहर वसविणें सोपें. त्याला पाणी देणें कठीण. खडकी नांवाप्रमाणेंच खडकाळ. मलिक अंबरनें उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूनें भुयारी नहर काढली, तिलाच नहर-ए-अंबरी म्हणतात. तिच्यांतील युक्ति शाळेंतल्या मुलाला समजेल इतकी सरळ आहे. नदीकांठच्या भूमींत मुरलेलें पाणी ज्या पातळीवर असतें, तिच्या खालून चर नेला म्हणजे तें पाणी आपोआप चरांत झिरपतें; आणि चराला अगदीं बेताचा उतार दिला म्हणजे तें आपल्याच भारानें शहरापर्यंत वाहत येतें. ठिकठिकाणीं आंत उतरून गाळ काढण्याकरितां तोंडें ठेवलेलीं होतीं. पुढें खापराच्या नळांतून तें पाणी वस्तींत खेळवीत, आणि वाटेंत चुनेगच्ची बंबे म्हणजे उंच मनोरे बांधून त्यांत पाण्याचा दाब व कोंडलेली हवा मोकळी करीत. पंप नाहीं, इंधन नाहीं. उतार चुकला असता तर सारा खटाटोप फुकट जाता. तो चुकला नाहीं. उताराची ती अचूक नजर ज्यांच्यापाशीं होती त्या गवंड्यांचीं व बेलदारांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत, ह्याची मला फार खंत वाटते.

ही झाली विद्येची अर्धी बाजू. दुसरी अर्धी अशी कीं, तें पाणी हौदांत, सरायांत, मशिदींत, रस्त्यावरच्या कुंडांत सोडलेलें होतें. म्हणजे तें वाटसरूला व गरिबालाहि मिळत होतें. तोंडें उघडून गाळ काढणारीं माणसें होतीं, त्यांना कोणीतरी पगार देत होतें, आणि नहरीवर बांधकाम करूं नये हें कोणीतरी बजावीत होतें. हें सर्व जोंवर टिकलें तोंवर नहर टिकली. पुढें शहर वाढलें, पायाखालचे नळ कोठून जातात ह्याचें भान राहिलें नाहीं, पाये खणतांना व रस्ते करतांना ते फुटले, मुखें बुजलीं. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, ही नहर म्हातारपणानें मेली नाहीं. तिची जबाबदारी कोणाचीच नाहीं असें झालें म्हणून मेली. यंत्र कसें चालतें हें जसें शिकावें लागतें, तसेंच तें कोणाच्या काळजीनें चालूं राहतें हेंहि शिकावें लागतें.

आतां ह्याच शहराची दुसरी पाणीयोजना पाहा. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें धरण झालें. त्याची कोनशिला १९६५ त पंतप्रधान लालबहादुर शास्त्री ह्यांच्या हस्तें बसली आणि १९७६ त श्रीमती इंदिरा गांधी ह्यांनीं त्याचें उद्घाटन केलें. त्याच्या नाथसागर जलाशयांतून शहराला पाणी येतें. हा जलाशय शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर, आणि शहरापेक्षां सुमारें शंभर मीटर खालीं आहे. म्हणजे नहरीचें पाणी उतरून येत असे, आणि आतांचें पाणी विजेनें चढवून आणावें लागतें. वीज गेली कीं पाणी गेलें. बिल थकलें कीं पाणी अडलें. जुनी वाहिनी फुटली कीं आठवडा गेला. २०२२ च्या उन्हाळ्यांत ह्या शहरांत पाण्यासाठीं मोर्चे निघाले हें आपण सर्व जाणतां. त्या मोर्च्यांत पदवीधरहि चालत होते. त्यांतल्या कितींना शंभर मीटर ही गोष्ट ठाऊक असेल?

येथें गैरसमज होऊं नये. जुनें तें सर्व सोनें असें माझें म्हणणें नाहीं. २०११ च्या शिरगणतींत ह्या शहराची वस्ती ११ लाख ७५ हजारांवर गेली होती. इतक्या लोकांना मलिक अंबरची नहर पुरली नसती. धरण झालें नसतें तर गोदाकांठचीं हजारों शेतें कोरडीं राहतीं. धरण झालें म्हणून कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं व तेथील कुटुंबें उठून दुसरीकडे गेलीं. लाभ एकाचा, हानि दुसऱ्याची, आणि हिशेब मांडणारा तिसराच, ही जी गोष्ट आहे ती नीट समजावून घेणें हें मी म्हणतों त्या शिक्षणाचें काम आहे. निकाल विद्यार्थ्यानें स्वतः द्यावा. हिशेब मात्र पुरा मांडावा.

यंत्र म्हणजे नेहमींच धरणाएवढें अवाढव्य असतें असें नाहीं. आपल्या आयाबहिणींच्या हातचें जातें घ्या. कोंबड्याच्या आरवण्याआधीं उठून दळावें आणि दळतां दळतां ओवी म्हणावी, हा क्रम शेंकडों वर्षें चालला. मग गांवांत पिठाची गिरणी आली आणि तो एका पिढींत संपला. ह्यांत वाईट काय झालें? तळहाताचे घट्टे गेले, पहांटेची दोन घटका झोंप मिळाली. ती ज्या बाईला मिळाली तिला जाऊन विचारा, जातें परत हवें का म्हणून! पण त्याच जात्यापाशीं सासुरवाशीण आपलें मन मोकळें करीत होती, आणि तिचें तें एकटीचें बोलणें जात्याबरोबर थांबलें. पुण्यास मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हां व हेमा रायरकर ह्या दोघांनीं गांवोगांव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या बायकांच्या तोंडून गोळा करविल्या. तें काम पाहिलें म्हणजे कळतें कीं, एका लहानशा यंत्रानें घरांतलें काय नेलें आणि घराला काय दिलें, हा किती मोठा विषय आहे. मराठीच्या वर्गांत ओवी शिकवितात व पदार्थविज्ञानाच्या वर्गांत मोटर शिकवितात. परंतु ओवी आणि मोटर ह्यांची गांठ कोठें पडली, हें शिकविणारा वर्ग आमच्या कॉलेजांत नाहीं.

असा वर्ग असावा हा विचार आजचा नव्हे. १९४८-४९ सालीं डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालीं जें विद्यापीठ-शिक्षण मंडळ नेमलें होतें, त्यानें अशी शिफारस केली होती कीं, प्रत्येक पदवीधराला आपल्या खास विषयाबरोबर सर्वसामान्य शिक्षणहि मिळावें, विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें मानव्यविद्या ओळखाव्या व मानव्याच्या विद्यार्थ्यानें विज्ञान. त्यानंतर कांहीं विद्यापीठांनीं तसे वर्ग काढून पाहिले. आपल्या ह्या भागांत १९५० त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें कॉलेज निघालें, १९५८ त मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, त्यालाच १९९४ त बाबासाहेबांचें नांव दिलें गेलें. ज्या घरांत आधीं कोणी अक्षर गिरवलें नव्हतें त्या घरांत पदवी आली. हें कार्य लहान नव्हे. परंतु सर्वसामान्य शिक्षणाची ती शिफारस मात्र बहुतांशीं कागदावर राहिली.

मध्यंतरीं एक प्रयत्न झाला, त्याची हकीकत बोधक आहे. १९९१ त सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरण हा विषय सर्वांना शिकवावा असा आदेश दिला, आणि २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान मंडळाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला. उद्देश उत्तम, पुस्तकहि बरें. पण त्या विषयाला बहुतेक ठिकाणीं स्वतःचा शिक्षक नव्हता. ज्याचे तास कमी भरत त्याच्या गळ्यांत तो पडे. विद्यार्थी शेवटच्या आठवड्यांत एक प्रकल्पवही लिहीत, आणि ती वही मागल्या वर्षींच्या वहीची नक्कल असे. नदीवर जाऊन आलेला विद्यार्थी विरळा. हें मी थट्टेनें सांगत नाहीं. सक्ति केल्यानें विषय वेळापत्रकांत येतो. डोक्यांत येण्यास दुसरेंच कांहीं लागतें.

तें काय लागतें ह्याचें उत्तर मला पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत सांपडतें. विलासराव साळुंखे हे स्वतः इंजिनियर, पुण्यास त्यांचा कारखाना. १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं पाहिलें कीं, हजारों लोक खडी फोडीत आहेत, पण ज्या कामानें पुढला दुष्काळ टळेल तें कोणी करीत नाहीं. मग त्यांनीं नायगांव येथें पाणी अडविण्या-मुरविण्याचें काम हातीं घेतलें. बांध घालणें, पाणी साठविणें, उपसा बसविणें हें त्यांच्या विद्येंत होतेंच. पण पाणी साठल्यावर खरा प्रश्न पुढें आला: तें वांटावयाचें कसें? ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक, ही चालत आलेली रीत. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनें ती मोडली. पाणी जमिनीवर नाहीं, घरांतल्या माणसांवर द्यावयाचें. माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें. ज्याला जमीन नाहीं त्यालाहि वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाहीं. आणि ऊस लावावयाचा नाहीं, कारण एकाचा ऊस दहांची ज्वारी पिऊन टाकतो. पंप तोच, नळ तोच, बांध तोच. नियम बदलला आणि गांव बदलला. साळुंखे २००२ त वारले. इंजिनियरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे चार नियम पाठ यावेत आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो उपसा कसा चालतो हें समजावें, असें मला मनापासून वाटतें.

अलीकडे थोडी वाट मोकळी होत आहे. मुंबईच्या आय. आय. टी. नें १९८५ पासून ग्रामीण भागाला उपयोगी पडणाऱ्या तंत्रविद्येचें एक केंद्र चालविलें आहे. त्याचे विद्यार्थी खेड्यांत जाऊन पाणी, चुली, रस्ते ह्यांचा अभ्यास करतात. २०१६ त राज्य सरकारनें उन्नत महाराष्ट्र अभियान ह्या नांवानें तीच पद्धत इतर तंत्र-महाविद्यालयांकडे नेण्याचें ठरविलें. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें जे नवे अभ्यासक्रम आंखले गेले त्यांत, विद्यार्थ्यानें आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावा व लोकांत जाऊन कांहीं काम करावें अशी तरतूद आहे. दार उघडें आहे. त्यांतून काय आंत घ्यावयाचें हें आपल्या हातीं आहे. नाहींतर पुन्हां प्रकल्पवहीच आंत येईल.

मी कल्पना करतों ती अशी. एक सत्र, विषय एकच: ह्या जिल्ह्याचें पाणी. वर्गांत कला, वाणिज्य, विज्ञान व इंजिनियरिंग ह्या सर्वांचे विद्यार्थी एकत्र. नहरीच्या उरलेल्या खुणा सर्वांनीं पायीं चालून पाहाव्या. वाणिज्याच्या विद्यार्थ्यानें पाणी चढविण्याच्या विजेचा खर्च काढावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें जुने कागद व म्हातारीं माणसें गांठावीं. विज्ञानाच्या मुलीनें आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी वरच्या मुरुमांत व भेगांत कसें राहतें, आणि बोअर खोल खोल नेल्यानें तें वाढत कां नाहीं, हें सर्वांना समजावून द्यावें. शिकविणारे दोन असावे, एक यंत्र जाणणारा व एक समाज जाणणारा, आणि दोघांनीं वर्गांत एकमेकांशीं भांडावें. विद्यार्थी त्या भांडणांतून फार शिकतात. परीक्षा अशी कीं, जें लिहिलें तें मराठींत लिहून त्या गांवच्या ग्रामसभेंत वाचून दाखवावयाचें. ग्रामसभा नक्कल बरोबर ओळखते.

आईबाप मला विचारतील, आणि कांहींनीं विचारलेंहि आहे, कीं ह्यानें नोकरी लागेल काय? सरळ सांगतों, ह्या एका सत्रानें नोकरी लागणार नाहीं. परंतु आपलीं हीं मुलें उद्यां कोण होणार आहेत त्याचा विचार करा. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पंचायतीचे सभासद, दवाखान्यांतल्या नर्सेस. गांवांत पाणी शुद्ध करण्याचें यंत्र घ्यावयाचें असतें, तेव्हां विकणारा गोड बोलतो व ठरावावर सही करणारा बी. ए. असतो. तें यंत्र एक घागर शुद्ध करतांना किती पाणी वायां घालवितें, त्याचा पडदा किती महिन्यांनीं बदलावा लागतो, ते पैसे कोण देणार, हें त्यानें विचारलें नाहीं तर दोन उन्हाळ्यांनंतर त्या खोलीला कुलूप लागतें. अशीं कुलपें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत.

आणखी एक गोष्ट. रेशनच्या दुकानांत अंगठा लावण्याचें यंत्र आलें. चोरी थांबावी हा त्याचा हेतु, आणि कांहीं अंशीं तो साधलाहि असेल. परंतु ज्यांनीं आयुष्यभर दगड फोडले, माती उपसली, भांडीं घांसलीं, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून जातात. आणि यंत्र म्हणतें, हा माणूस ओळखूं येत नाहीं. म्हणजे सर्वांत अधिक कष्ट केलेल्या हातालाच यंत्र नाकारतें. हें यंत्र बनविणारा दुष्ट होता असें मुळींच नाहीं. तो हुशार होता. पण झिजलेलें बोट त्यानें कधीं हातांत धरलें नव्हतें, आणि तें धरावयास लावील असा कोणताहि तास त्याच्या कॉलेजांत नव्हता. पोपसाहेब तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ त कामगारांच्या स्थितीविषयीं जें परिपत्रक काढलें, आणि पोपसाहेब फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ त पृथ्वीच्या सांभाळाविषयीं जें काढलें, त्या दोहोंतहि हाच मुद्दा आहे कीं, साधनाचा विचार करतांना त्याच्या टोकाला असलेला माणूस दृष्टिआड होऊं देऊं नये. आतां तर पत्र लिहिणारें, निबंध लिहिणारें, नोकरीचे अर्ज निवडणारेंहि यंत्र आलें आहे. आपल्या मुलाचा अर्ज कोणत्या कारणानें मागें पडला हें उद्यां त्याला माणसाऐवजीं यंत्राला विचारावें लागेल. तें कसें विचारावयाचें, हें आज शिकविलें पाहिजे.

विद्यापीठ आपलें ऐकेल तेव्हां ऐकेल. तोंवर येथील तरुणांना एक विनंति करतों. ह्या उन्हाळ्याच्या सुट्टींत प्रत्येकानें आपापल्या वस्तींतल्या विहिरी, बारवा व बोअर ह्यांची नोंद करावी: केव्हां खणली, कोणीं खणली, खोली किती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, आणि तेथें पाणी भरण्यास कोणाला मज्जाव होता किंवा आहे काय. हा शेवटचा रकाना कोणीं कोरा सोडूं नये. म्हाताऱ्या माणसांपाशीं बसून लिहावें, कारण त्यांच्यामागें हें सांगणारा कोणी राहणार नाहीं. त्याकरितां आंखलेली वही फादरसाहेबांपाशीं ठेविली आहे. पहिल्या पानावर आपल्या देवळामागच्या विहिरीची नोंद करण्यापुरती जागा मीं मोकळी ठेविली आहे.